आधीचा मिस्त्री

फोनवरच्या ग्रुपचं नाव होतं ‘सध्या काय चाललंय’. त्यात साठेक माणसं होती. फरशीवाले, रंगारी, सुतार, नळवाले, वायरमन. दर शुक्रवारी दुपारी जो तो आपल्या हातातल्या कामाचे फोटो टाकायचा. कुणी नवं कपाट, कुणी पुट्टी मारून गुळगुळीत केलेली भिंत, कुणी फोडून ठेवलेलं बाथरूम. मग एकमेकांची पाठ थोपटणं आणि एकमेकांचे पाय ओढणं, दोन्ही मनसोक्त चालायचं.

या ग्रुपात त्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे. तो टाइल्स बसवायचा, तीस वर्षं झाली होती. पहिली टाइल चिकटवण्याआधी दोरीला वजन लटकवून भिंत सरळ आहे की नाही हे तीन-तीनदा बघायची त्याची सवय होती, त्यावरून ते नाव पडलं होतं. त्याचा शब्द ग्रुपात चालायचा. फोटो टाकून लोक वाट बघत बसायचे, ओळंबा काय म्हणतो. तो ‘ठीक’ म्हणाला तर काम उत्तम झालं असं समजायचं. आणि चूक दिसली तर तो कुणाची भीड ठेवायचा नाही.

त्या शुक्रवारी तो परगावी होता. एका अतिथिगृहाची अठरा बाथरूम करायची होती, आणि तिथं येऊन त्याला चोविसावा दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत तो आणि त्याचा जुना सोबती रंगारी सिमेंटच्या पोत्यांवर बसून आपापला फोन बघत होते.

‘चष्मेवाला’ नावाच्या एका नव्या माणसानं फोटो टाकला होता. त्याला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. फोनवरच्या चित्रात जाड भिंगांचा चष्मा तेवढा दिसायचा. फोटो भिंतीचा होता, अगदी जवळून काढलेला. खडबडीत प्लास्टर, त्यावर तेलाचे काळे ओघळ, आणि खाली टाइल्सच्या जेमतेम तीन ओळी. त्या तीन ओळींत चार रंग. शिल्लक तुकडे गोळा करून लावलेले कळत होते. तिसरी ओळ तर मध्येच संपली होती.

ओळंब्याच्या कपाळावर आठी चढली. पांढऱ्या सिमेंटनं माखलेल्या अंगठ्यानं त्यानं लिहिलं, ‘हे कुणी केलंय? हात होते की पाय? असल्या माणसाच्या हातातून थापी काढून घ्या.’

मिनिटभरात हसण्याचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, बायकोवर रागावून केलं असेल. कुणी म्हणालं, अर्ध्यातच पळाला वाटतं. रंगारीही खो खो हसला. ओळंबा स्वतःशीच खूश होऊन भाजीचा घास तोंडात घालत होता, तेवढ्यात दुसरा फोटो आला. तीच भिंत, पण जरा लांबून.

त्यात ओटा दिसत होता. ओट्यावर एक निळा डबा होता, एका बाजूनं चेपलेला. वर दवाखान्याचं कॅलेंडर. आणि खिडकीला कडीच्या जागी तांब्याची तार पिळून बांधलेली.

ती तार ओळंब्यानं स्वतः बांधली होती.

फोटोखाली चष्मेवाल्यानं लिहिलं होतं, ‘घरच्या ताई म्हणाल्या, नऊ वर्षं असंच आहे. आधीचा मिस्त्री काम टाकून गेला.’

ओळंब्यानं जेवण बाजूला सारलं. आपण लिहिलेलं त्यानं पुसून टाकलं, पण साठ जणांनी ते केव्हाच वाचलं होतं. आता तिसरा फोटो आला. पूर्ण झालेली भिंत. फिक्या राखाडी टाइल्स, खालपासून छतापर्यंत, सांधे एका रेषेत. ग्रुप वाहवा करू लागला. ‘ओळंबाभाऊ, आता बोला,’ कुणीतरी लिहिलं.

रंगारी ओळंब्याच्या घरी एक-दोनदा चहाला येऊन गेला होता. तो फोनकडे बघत राहिला, मग ओळंब्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. फोन खिशात टाकून तो उठला. म्हणाला, ‘ब्रश भिजत ठेवलेत, बघतो जरा.’ ब्रश भिजत ठेवलेले नव्हते.

ओळंब्यानं बायकोला फोन लावला. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. मागून आकडे पुकारल्याचा आवाज येत होता.

‘स्वयंपाकघरात काम चालू आहे?’

‘चालू होतं. कालच संपलं.’

‘मला सांगायचं होतंस.’

‘सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.’

‘मी आल्यावर केलंच असतं ना.’

‘हो,’ ती म्हणाली. लहान मूल चंद्रावर जाणार म्हणतं तेव्हा आपण म्हणतो तसं. मग म्हणाली, ‘माझ्यासमोर माणसं उभी आहेत. ठेवते.’

आता मागचं थोडं सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी ओट्यामागचा एक पाइप गळू लागला, तेव्हा त्यानंच ती भिंत फोडली. पाइप बदलला, प्लास्टर केलं, इकडच्या तिकडच्या कामांवरून उरलेल्या टाइल्स आणून तीन ओळी लावल्या, आणि मोठं काम आलं म्हणून निघून गेला. परत आला तो दुसऱ्या कामावर जायला. बायकोनं आधी आठवण केली, मग चिडली, मग शेगडीमागे जाड प्लास्टिकचा कागद चिकटवून मोकळी झाली. दर सहा महिन्यांनी तो कागद तेलानं पिवळा पडायचा, ती नवा लावायची. दुसरा कुणी बोलावते म्हणाली की तो उसळायचा. ‘माझ्या घरात दुसऱ्याची थापी? लोक तोंडात शेण घालतील.’ लेक त्याच भिंतीसमोर उभी राहून पोळ्या लाटायला शिकली, शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. भिंत होती तिथंच होती. त्याला खरंच वाटायचं, या महिन्यात करू. हे त्याला दर महिन्याला वाटायचं.

शेवटचं बाथरूम उरकून शनिवारी संध्याकाळी तो घरी पोहोचला. बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा कांदा चिरायला लागली. तो बूट न काढता तिच्या मागोमाग आत गेला.

काम चांगलं होतं. तेच त्याला सोसवेना. वाईट असतं तर त्याच्याकडे बोलायला काहीतरी राहिलं असतं. त्यानं पिशवीतून लेव्हल बघायची पट्टी काढली, भिंतीला लावली. बुडबुडा बरोबर मध्ये. सांध्यांवरून नख फिरवलं. कोपऱ्यातला काप बघितला, नळाभोवतीचं गोल भोक बघितलं. मग बोटांच्या पेरांनी एकेक टाइल वाजवू लागला. टक, टक, टक. भरीव, सगळ्या भरीव. बायको कांदा चिरत होती. ओट्यावरच्या टाइल्स संपवून खाली वाकल्यावर, सिलिंडरच्या मागे, एक टाइल वाजली ती वेगळी.

‘ही बघ!’ तो ओरडला. कालपासून पहिल्यांदा त्याला आनंद झाला होता. ‘पोकळ आहे! मागे माल भरलेलाच नाही. ऐक, ऐक.’

तिनं मान वळवली. ‘पोकळ असेल,’ ती म्हणाली. ‘निदान आहे.’

त्यानं पट्टी पिशवीत ठेवली. पण त्याचे हात गप्प बसणारे नव्हते. रविवारी सकाळी ती भाजी आणायला गेली, तशी त्यानं छिन्नी-हातोडी काढली. एवढी एक टाइल काढायची, मागे नीट माल भरायचा, पुन्हा लावायची. तासाचं काम. तिला दाखवायचं होतं की चूक अशी दुरुस्त करतात. टाइल निघाली, पण निघताना शेजारच्या टाइलचा कोपराही उडाला. मग तीही काढावी लागली. चष्मेवाल्यानं चार जादा टाइल्स ओट्याखाली ठेवल्या होत्या, पण चिकटवायचा माल घरात नव्हता आणि रविवारी दुकान बंद. बायको पिशवी घेऊन आली तेव्हा नव्या भिंतीत दोन टाइल्सचं भगदाड होतं, खाली फुटक्या तुकड्यांचा रोडा पडला होता, आणि तो उकिडवा बसला होता.

‘उद्या माल आणून लावतो,’ तो म्हणाला.

तिनं झाडू आणून रोडा भरला.

सोमवारी पहाटेच अतिथिगृहाच्या मालकाचा फोन आला. दोन बाथरूममध्ये पाणी साचत होतं, ताबडतोब या. तो गेला. दोन दिवसांचं काम म्हणून गेला आणि बारा दिवस राहिला. ग्रुपमध्ये त्या दिवसांत त्यानं कुणाच्याच फोटोखाली काही लिहिलं नाही.

परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. त्यानंच दार उघडलं. दारात जाड भिंगांचा चष्मा घातलेला, पस्तिशीचा एक माणूस हातात बादली घेऊन उभा होता.

‘ताई आहेत? दोन टाइल्स निघाल्यात म्हणाल्या.’

बायको आतून म्हणाली, ‘या, या. आतच या.’

चष्मेवाला भगदाडासमोर बसला. बोट आत घालून बघितलं. ‘या निघाल्या नाहीत, ताई. कुणीतरी काढल्यात. छिन्नी लागलीय.’ मग त्यानं दारात उभ्या असलेल्या ओळंब्याकडे पाहिलं. त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत बसलेला, कशानंही न निघणारा तो पांढरा रंग या धंद्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

‘तुम्हीपण मिस्त्री?’

‘हो.’

‘कसलं काम?’

‘हेच.’

चष्मेवाल्यानं चष्मा वर सरकवला. ‘मग ती आधीची भिंत…’

‘माझीच,’ ओळंबा म्हणाला. आणि एवढं बोललोच आहोत तर सगळंच बोलून टाकावं म्हणून त्यानं सांगितलं, ‘ग्रुपात मला ओळंबा म्हणतात.’

चष्मेवाल्यानं हसायला हवं होतं. तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, ‘मला माहीत नव्हतं, दादा. नाहीतर मी काम घेतलंच नसतं.’

‘म्हणूनच मी सांगितलं नव्हतं,’ बायको म्हणाली.

चष्मेवाल्यानं थापी उलटी धरून ओळंब्यापुढे केली. ‘मागे माल कमी पडला ही माझीच चूक. तुम्ही लावा, दादा. मी बघतो. शिकायला मिळेल.’

ओळंब्यानं हात पुढे केला. थापीची मूठ त्याच्या बोटांना लागलीसुद्धा.

‘नाही,’ बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. ‘त्यांनाच लावू द्या. मला आज लावून हवीय.’

हात मागे घेऊन तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. बसल्या जागी सगळं ऐकू येत होतं. माल कालवल्याचा घसघस आवाज, टाइल दाबल्याचा, रबरी हातोड्याचे ठोके. मोजून चौदा ठोके, सगळे भरीव. नंतर कपबशांचा आवाज आला. ती चष्मेवाल्याला लेकीच्या नोकरीबद्दल सांगत होती, आणि मध्येच हसली. तिचं हे हसणं त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग ती दारात आली. ‘चहा घेणार?’ तिनं विचारलं. पाहुण्याला विचारावं तसं.

‘घेतो,’ तो म्हणाला.

त्यानंतर तिनं घरातलं कुठलंच काम त्याला सांगितलं नाही. भांडलीही नाही. महिन्याभरानं आतल्या खोलीचं दार चौकटीला घासू लागलं. त्याच्या ते लक्षात आलं होतं, रंधा कुठं ठेवलाय हेही त्यानं शोधून ठेवलं होतं. एके दिवशी बेल वाजली, दारात सुतार उभा होता. त्यानं बाजूला होऊन सुताराला आत घेतलं आणि कुठलं दार ते बोटानं दाखवलं.