सुधारणेच्या संधी

रोहणा गावच्या सुमीतला तीन मुलींनी लग्नाला नकार दिला, तेव्हा मामांनी त्याला वर्ध्याच्या आत्मविश्वास शिबिरात घातलं. घरची वांगी-टमाटरची शेती होती, पोरगा कष्टाळू होता, पण मुलीसमोर बसला की त्याचा आवाजच निघायचा नाही.

शिबिरातल्या सरांनी रोज आरशासमोर उभं राहून 'मी अमूल्य आहे' असं म्हणायला सांगितलं. सुमीत न्हाणीत मोठ्याने म्हणू लागला. बाहेरून आई, पद्माबाई, विचारायची, "पानी संपलं का रे?"

पुढचं स्थळ कारंज्याचं निघालं. मुलगी रोशनी, एका दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायची. चहापोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं.

सुमीत छाती काढून बसला. "माह्यात कमजोरी नाई. फक्त सुधारणेच्या संधी आहेत."

रोशनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आनंद बाहेर नसतो, तो आपला निर्णय असतो," ती म्हणाली.

शिबिरात त्या वाक्यानंतर हेच वाक्य यायचं. सुमीत चपापला.

"तुम्हीबी गेलत्या?"

"मागच्या वर्षी. तलाठ्याच्या परीक्षेत नापास झाली, तं बाबांनी धाडलं."

"फरक पडला?"

"आरशाले पडला असंन. मी पास काई झाली नाई."

सुमीतला हसू फुटलं. मग त्याने खरं ते सांगितलं, की हात कापताहेत म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवले आहेत. रोशनीने सांगितलं, की पोहे खारट तिनेच केले आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटत नाही. तिने शेतीचं विचारलं. वांग्यावरच्या अळीबद्दल तो न अडखळता बोलत राहिला, आतून दोनदा हाक येईपर्यंत.

लग्न ठरलं. खबर सरांपर्यंत गेली. त्यांनी अभिनंदन करून साखरपुड्याचा फोटो मागितला आणि सुमीतने भोळेपणाने पाठवला. थोड्याच दिवसांत आर्वीच्या बसस्टँडसमोर मोठा फलक लागला: 'आमच्या शिबिराने घडवलेली सुखी जोडी. नवीन बॅच सुरू.'

बाजाराच्या दिवशी सुमीतने आईला तो दाखवायला नेलं. फोटोत त्याला गोरापान केलं होतं, नाक बारीक, खांदे रुंद. पद्माबाई पदर सावरत बराच वेळ बघत राहिल्या.

"रोशनी छान दिसते," त्या म्हणाल्या. "पन तिच्या बाजूले हे कोनाचं पोरगं हासून राह्यलं?"