जाकिटाची हाक

कापडात शिवलेला अँटेना माणसासारखाच. जगात वावरायचं तर वाकणं आलं. आणि वाकला की त्याचा सूर, म्हणजे हाक पाठवायची रेडिओची पट्टी, घसरतो. कोण कधी किती वाकेल हे सांगणारे आपण कोण? म्हणून ताईने संभाव्यतेचं गणित मांडलं होतं. बुडणाऱ्यासाठी रेडिओवरून हाक मारणारं, समुद्रावर जाणाऱ्यांचं जीवरक्षक जाकीट तिने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना घालायला लावलं. चालवलं, पळवलं, बसवलं. हिशेबनीस वाकेनात, तेव्हा साहेब म्हणाले, "रजा मागताना वाकता तसे वाका की!" हसतखेळत हजारो मोजमापं जमली. उत्तर आलं : जाकीट पाण्यावर असेल, तर शंभरात नव्व्याण्णव वेळा हाक ऐकू येणारच.

त्याच जाकिटात आज तिचा सख्खा दादा समुद्रात होता. मासेमारीची होडी उलटली होती, आणि कालपासून शोधबोटींच्या कानी काहीच पडलं नव्हतं.

साहेबांनी फोन ठेवला. "ताई, शोध थांबवतायत. म्हणतात, तुमच्याच गणिताप्रमाणे जाकीट वर असतं तर एव्हाना ऐकू आलं असतं."

काहीतरी सुचून ताईने कपाटातलं जाकीट अंगात चढवलं, फरशीवर बसली आणि गुडघे छातीशी ओढून घेतले. गारठलेला माणूस असाच मुटकुळं करतो, आईच्या पोटात देवाने शिकवल्यासारखं. पडद्यावरची सुराची रेघ घसरत घसरत ठरलेल्या पट्टीच्या चौकटीबाहेर गेली. मोजमापं घेताना या उबदार खोलीत असं कुणी बसलंच नव्हतं.

"साहेब, बोटींना खालच्या सुरावर ऐकायला सांगा!"

"त्यांची यंत्रं तेवढीच पट्टी ऐकतात हो. आपल्याच आकड्यांवरून बांधलीत." साहेबांना तिच्याकडे बघवेना. "आणि वादळ आलंय. बोटी माघारी फिरल्यासुद्धा."

तेवढ्यात दारात वहिनी आली. कालपासून देव पाण्यात घालून बसलेली, डोळे सुजलेले.

"वन्सं, थांबवला म्हणे शोध. तुमचं गणित काय म्हणतंय?"

देवाघरी खोटं चालत नाही. ताईने सगळं सांगितलं.

"म्हणजे ते अजून हाका मारत असतील?"

"असतील."

"आणि ऐकणारं कुणी नाही."

ताई अंगातलं जाकीट काढू लागली.

"मी येताना मनाला समजावत आले होते, वन्सं. कालच सुटले असतील, फार हाल झाले नसतील. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंत."

ताईने हात पुढे केला. वहिनीने तो धरला नाही.