चौथं नाव

"बाबा, तुम्ही शेवटचं खोटं कधी बोललात?"

प्रश्न मुक्ताईचा नव्हता. शाळा सुटल्यावर स्वरालीनं पैज लावली होती की हे आमच्यासमोर विचारून दाखव, सोमवारची मिसळ माझ्याकडून. त्यावर नम्रता म्हणाली, "नाही विचारणार ती. घरी गेली की मांजर होते." त्या एका शब्दासाठी मुक्ताईनं कोथरूडपर्यंत बसच्या दांडीला लोंबकळत प्रश्न घोकला होता, आणि थालीपिठाचा पहिला घास पोटात जायच्या आत विचारूनही टाकला.

बद्रीनाथरावांनी ताटातून मान वर केली नाही.

"आत्ताच बोललो. तुझ्या मैत्रिणींना दारात म्हणालो ना, या या, आनंद झाला."

नम्रताला ठसका लागला. स्वरालीनं तिची पाठ थोपटली आणि मुक्ताईकडे बघून मान डोलावली. मिसळ नक्की झाली. पण मुक्ताईला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. तिला खरा खेळ दाखवायचा होता.

बद्रीनाथराव मूळचे यवतमाळचे. खराडीच्या एका कंपनीत ऑडिटला होते. इतरांनी ठरवून दिलेल्या पद्धतीनं काम केलंय की नाही हे तपासायचं, एवढंच त्यांचं काम. पद्धत पाळली असेल तर पुढे छप्पर कोसळलं तरी ऑडिटच्या लेखी सगळं ठीक, असं ते पाहुण्यांना हसत सांगत. पण हा नियमाचा माणूस फोनवरच्या रमीला बसला की त्याला ना जेवणाची शुद्ध असे ना घराची. आधी गाडी विकली. मग दिवाळीच्या तोंडावर आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्या दिवाळीत आईनं काचेच्या बांगड्या घालून फराळ वाढला आणि कुणी विचारलं की म्हणायची, सोन्यानं घाम येतो.

मग मुक्ताईनं सूत्रं हातात घेतली. त्या ॲपमध्ये, दिवसाला किती पैसे भरायचे याची मर्यादा घालून घ्यायची सोय होती. ती तिनंच शोधून काढली. रोज तीनशे, वर एक रुपया नाही. मर्यादा वाढवायची तर ओटीपी लागणार, आणि तो मुक्ताईच्या फोनमध्ये घातलेल्या बाबांच्या दुसऱ्या सिमवर येणार. आईकडे ही किल्ली द्यायची नाही, ती लगेच विरघळते, हेही तिनंच ठरवलं. बाबांनी मुकाट्यानं मान्य केलं. ॲपनं हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं आणि घरात बऱ्याच महिन्यांनी श्रीखंड आलं.

तेव्हापासून मुक्ताईची चालच बदलली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी पुढच्या बाकावर आली. बारावीच्या सगळ्या तुकड्यांसमोर तिनं 'मर्यादा' या विषयावर भाषण ठोकलं, त्यात 'माझ्या ओळखीचे एक गृहस्थ' येत होते. ते गृहस्थ कोण हे शिपायालाही कळलं. टाळ्या मात्र अशा पडल्या की तिच्या कानांत आठवडाभर वाजत राहिल्या.

आणि घरी रोज संध्याकाळी एक छोटासा कार्यक्रम होऊ लागला. तीनशे संपले की बाबा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत. सुरुवातीला ती नुसतं "नाही" म्हणायची. मग तिला सुचलं की नीट मागायला लावावं. मग हात जोडायला. नकार ठरलेलाच असायचा, पण मागणं कसं झालं यावर ती गुण द्यायची. या गोष्टी ती मैत्रिणींना रंगवून सांगत असे. आज त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं.

"बाबा, आज रमीची मॅच आहे ना?" तिनं लोण्याचा गोळा थालीपिठावर पसरत विचारलं. "वाढवून हवी असेल लिमिट."

बद्रीनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"हवी तर आहे."

"मग मागा. रोजच्यासारखं."

"मुक्ता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"थांब गं आई. बाबांना चालतं. चालतं ना, बाबा?"

बद्रीनाथरावांनी पाण्याचा घोट घेतला, हात पुसले आणि ते जोडले. चेहऱ्यावर हसू होतं, पाहुण्यांसमोर ठेवायचं असतं तसं. "मुक्ताबाई, आजच्या दिवस कृपा करा."

"मान जरा खाली."

त्यांनी मान खाली घातली. डोक्यावरचं पडत चाललेलं टक्कल तिघींना एकदम दिसलं. नम्रता हसता हसता टेबलावर आडवी झाली.

"दहापैकी सहा," मुक्ताई म्हणाली. "नाही मिळणार."

आईनं पुढचं थालीपीठ मुक्ताईच्या ताटात असं आपटलं की लोणी उडून टेबलावर पडलं.

बद्रीनाथरावांना मात्र राग आलेला दिसला नाही. उलट ते उठले, कपाटातून एक पाकीट आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "राहू दे. मी काही मनावर घेत नाही. पुढच्या आठवड्यात अठरा पूर्ण होतात आमच्या बाईसाहेबांना. भेट आधीच आली आहे, मैत्रिणी आहेत तर देऊन टाकतो."

पाकिटात पॅन कार्ड होतं. मुक्ताईला खरंच आनंद झाला. आपण आता माणसांत जमा झालो, असं तिला वाटलं. कार्डावर फोटो नव्हता, सही नव्हती, नुसतं नाव होतं. अठराच्या आत काढलं की असंच येतं, बाबा म्हणाले.

"पण एवढी घाई कशाला, काका?" स्वरालीनं विचारलं. "मला तर माझ्या बाबांनी अजून आधारही हातात दिलं नाही."

"काम वेळेवर झालेलं बरं," बद्रीनाथराव पेढा पुढे करत म्हणाले.

फोटो काढायचा ठरला. मुक्ताईचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिनं आईचा घेतला. एका हातात कार्ड, दोन्ही बाजूंना मैत्रिणी. ती बटण दाबणार तोच पडद्यावर हिरव्या अक्षरांची पट्टी उतरली. स्वरालीनं सवयीनं मोठ्यानं वाचली.

"अभिनंदन, रुपालीजी. या महिन्यातही आपण मर्यादेतच खेळलात. आपण आमच्या जबाबदार खेळाडू आहात."

 मग स्वराली हळूच म्हणाली, "काकू, तुम्हीपण?"

"मी कशाला खेळते," आई म्हणाली. ती आता दारात येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच होतं. "मला पत्ते पिसताही येत नाहीत. माझी मर्यादा हे वापरतात. मीच म्हटलं, उघडा माझ्या नावावर. ही रोज हात जोडायला लावते ते माझ्याच्यानं बघवत नव्हतं."

"मग मघाशी कशाला जोडले हात?" मुक्ताईनं बाबांना विचारलं.

"तुला आवडतं म्हणून."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मुक्ताईला आपले कान गरम झाल्याचं जाणवलं. नम्रता आता हसत नव्हती.

"यात नियमाबाहेरचं काही नाही," बद्रीनाथराव समजावण्याच्या सुरात म्हणाले. कंपनीत ते असेच बोलत असावेत. "एका नावाला, म्हणजे एका पॅन कार्डाला, एक मर्यादा. मी माझी कधी ओलांडली नाही, हिची ओलांडली नाही, यवतमाळला तुझ्या आजोबांची, आबांची आहे तीही ओलांडली नाही. हवं तर तपास."

"आबांची? त्यांना माहीत आहे?"

"हिंमतराव देशमुखांना फोन लावता येत नाही धड. त्यांना काय सांगायचं? बरं, न वापरलेली मर्यादा दुसऱ्या दिवशी पुढे येत नाही. वायाच जाते. मग ज्याची शिल्लक असेल त्याची वापरायची."

भात उरला तर फोडणीला टाकायचा, तेवढ्याच सहजपणे ते बोलत होते. मुक्ताईनं टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं. फोटो नाही, सही नाही, नुसतं नाव. पुढच्या आठवड्यात अठरा.

"आणि हे?" तिनं विचारलं.

बद्रीनाथरावांनी पेढ्यांचा पुडा बंद केला. दोऱ्याची गाठ बसेना, म्हणून पुन्हा बांधली.

"ते वाढदिवसानंतर बघू," ते म्हणाले.

मैत्रिणींना एकदम घरची कामं आठवली. चपला घालताना स्वराली काहीतरी बोलणार होती, पण नम्रतानं तिला ओढून नेलं. जिन्यात दोघींची कुजबुज थोडा वेळ ऐकू आली, मग फिसकन हसल्याचा आवाज. उद्या शाळेच्या ग्रुपवर काय असेल हे मुक्ताईला कळून चुकलं. या वेळी 'ओळखीचे गृहस्थ' म्हणून भागणार नव्हतं.

"झालं समाधान?" आईनं विचारलं. "चारचौघांत बापाची शोभा केलीस."

"आणि तू, आई? तू तुझं नाव दिलंस. माझंही देणार होतीस?"

आईनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "तीनशेचीच तर गोष्ट असते गं. घरात शांतता राहते."

मुक्ताईनं बाबांकडे पाहिलं. "मघाचा प्रश्न पुन्हा विचारते. शेवटचं खोटं कधी बोललात?"

"बोललोच नाही," बद्रीनाथराव म्हणाले. ते दुखावले होते, खरोखरच दुखावले होते. "तू रोज विचारलंस, तुमच्या खात्यात किती गेले. मी रोज सांगितलं, तीनशे. तीनशेच गेले."

आत बाबांच्या फोनचा गजर वाजला. मॅच सुरू व्हायची वेळ झाली होती. बद्रीनाथरावांची नजर आईच्या फोनकडे गेली आणि आईनं तो टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवला.

मुक्ताईनं आधी कार्ड उचलून दप्तरात टाकलं, मग चार्जिंगचा फोन काढून आणला. सिमचा खण उघडायला आईच्या डब्यातली टाचणी लागली.

"माझ्या फोनवर तुमचे ओटीपी यायचे ते हे सिम," ती म्हणाली आणि ते लोण्याच्या डागाशेजारी ठेवलं. आवाज भाषणातल्यासारखा निघावा असं तिला वाटत होतं, तसा तो निघाला नाही. "आजपासून मी कुणाला नाही म्हणणार नाही. तीनशेचे तीन हजार करा, तीस हजार करा, हात जोडायची गरज नाही. आबांना मी आज फोन करून सगळं सांगणार आहे. आणि वाढदिवशी माझ्या नावावर पहिलं खातं मी स्वतः उघडणार, आणि तिथल्या तिथे ते कायमचं बंद करून घेणार. तशीही सोय आहे त्यात, बाबा, मी वाचली आहे. तेवढं एक नाव तुम्हाला मिळणार नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."