मास्तरांचा देव

बाबांच्या वहीतल्या शेवटच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. साल लिहिलेलं, पुढे माप नाही.

बाबा नौपाड्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार ते खडवलीला काढायचे. स्टेशनपासून अर्ध्या तासावर भातसा नदी एक मोठं वळण घेते. तिथे काळुरामच्या शेतात त्यांनी अठ्ठ्याण्णव साली एक काळा दगड पुरला होता. त्या दगडापासून काठापर्यंतचं अंतर ते दरवर्षी मोजायचे, कापडी टेपने. चौथीपासून दहावीपर्यंत टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं.

"ताण, निशू. झोळ नको," ते म्हणायचे.

वळणाचं गणित त्यांनी मला चहाच्या कपात दाखवलं होतं. चहा ढवळून चमचा काढला, तर तळाची पत्ती कडेला न जाता मधे गोळा होते. नदीचंही तसंच. बाहेरच्या अंगाला पाणी धावतं, काठ खणतं. आतल्या अंगाला रेंगाळतं आणि आणलेली माती तिथे ठेवून जातं. म्हणून वळण दरवर्षी थोडं अधिक वाकतं. "आणि फारच वाकलं की एखाद्या पुरात नदी मधली माती फोडून सरळ निघून जाते. मागे कोयत्याच्या आकाराचं तळं उरतं," बाबा सांगायचे, घरातल्या एखाद्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं.

गेल्या वर्षी ते अंथरुणावर होते. त्याच्या आदल्या वर्षी गुडघ्यांमुळे जाणं राहिलं होतं. "तू जाऊन येतेस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." ते दर रविवारी आठवण करून द्यायचे नाहीत, फक्त वही उशाशी ठेवायचे. असे पुष्कळ रविवार गेले. भाद्रपदात बाबा गेले.

म्हणून यंदा घरी दिवाळी नव्हती, पण तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मी वही आणि टेप घेऊन खडवलीला उतरले. ते दोन आकडे भरता आले नसते. निदान यंदाचा तरी भरायचा होता.

भात कापून झालं होतं. जमिनीतल्या ओलीवर पेरलेले वाल नुकते वर आले होते. काळुरामची बायको बायजा बांधावर गवत कापत होती. मला तिने वीस वर्षांनी पाहिलं, तरी ओळखलं.

"मास्तरांची पोर ना गो तू? मास्तर नाय आले?"

मी सांगितलं. तिने विळा खाली ठेवला. मग पदराने तोंड पुसून हाक मारली, "अवं, हिकडं या. मास्तर गेले."

काळुराम आला. सत्तरीचा, काटक. माझ्यासमोर उभा राहिला आणि नदीकडे बघत राहिला. "दोन सालं आले नाय, तवाच मला वाटला," एवढंच म्हणाला.

मी दगडाकडे गेले आणि थबकले. त्याला शेंदूर फासला होता. पुढे नारळाची करवंटी, वाळका झेंडू.

"हे काय?"

"मास्तरांचा देव," बायजा म्हणाली. "दरसाल यायचे, दगड पुसायचे, वाकायचे. मंग नदीकडं बघत गप उभे. आमी म्हनला, नवस असल कायतरी."

बाबा वाकायचे ते टेपचं टोक धरायला. मला हसू आलं, आणि पुढच्याच वाक्याला ते गेलं.

"काठ जवल आला ना, की मी पहारीनं काढून मागं लावायचो," काळुराम म्हणाला. "देव पान्यात गेला तर मास्तर पाया कुनाच्या पडनार? आन् आकडा कमी झाला का त्यांचा तोंड उतरायचा. म्हनून तेवढ्यावरच ठेवायचो."

मी वही उघडली. चाळीस फूट, अडतीस, पस्तीस, तीस. मग दोन हजार पाचपासून तीस, तीस, साडेतीस. दोन हजार पाचच्या आकड्यासमोर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नदी थांबली?'

नदी थांबली नव्हती. दगड चालत होता. बाबांच्या वीस वर्षांच्या रविवारांना काही अर्थच उरला नव्हता, आणि हे दोघं माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"बाबांना हे माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"नाय कसा? एक साल लवकर आले, मी दगड काढीत होतो. बघितला आन् खाली बसून हसले, डोल्यांत पानी येईस्तवर. मंग मला सांगितला, काळुराम, लाव खुशाल मागं, पन किती पावलं ते मला सांगत जा."

पानाच्या कडेला, दोन हजार आठपासून, वर्तुळात बारीक आकडे होते. तीन. दोन. पाच. मी ते त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे समजले होते. शेवटच्या पानावर काळुरामच्या पावलाचं माप होतं: 'दोन फूट एक इंच. चिखलात कमी.'

म्हणजे तेव्हापासूनचा हिशेब पुरा होता. त्यांनी फक्त यांना कधी थांबवलं नव्हतं.

"आणि या दोन वर्षांत किती मागे नेलात?"

"नेलाच नाय. म्हनला, मास्तर येतील तवा."

बायजाने टेपचं टोक दगडावर ठेवलं. ठेवण्याआधी नमस्कार केला. मी काठाकडे चालत गेले. खाली ताजी, उभी माती, तिच्यातून मुळं लोंबत होती. पलीकडे वाळूचा रुंद पट्टा उन्हात पडला होता.

"ती आमचीच माती," काळुराम मागून म्हणाला. "पलीकडचा शेत माझ्या मेव्हण्याचा. दरसाल चार हात हिच्या माहेरला जाते."

"मंग? मला काय फुकट आनलीत?" बायजा म्हणाली.

"बायजाताई, ताणा जरा. झोळ नको," मी म्हटलं.

अकरा फूट चार इंच. आधीच्या दोन ओळी मी कोऱ्याच ठेवल्या. त्यांच्याखाली यंदाचं साल घालून माप लिहिलं. काळुरामने पहार आणली. दगड खोल होता. तिघांनी मिळून हलवला. मग काळुराम पावलं टाकत वालात शिरला, रोपं चुकवत. मी मोजत होते.

"नऊ," तो म्हणाला.

दगड तिथे रोवल्यावर कडेला मी नऊ लिहून वर्तुळ काढलं.

बायजाने नारळ फोडला, मोठा तुकडा माझ्या हातात दिला. "पुढल्या सालाला येशील ना गो?"

"हो," मी म्हटलं, आणि खाली एक कोरी ओळ आखून तिच्या सुरुवातीला पुढचं साल घातलं.