सैरीच्या मचव्याचा विमा

“शेठ, आमचा मचवा बुडाला तर?”

फेलिशियाने विचारलं आणि धक्क्यावरची बोलणी जागच्या जागी थांबली. लांब चिंचेखाली तिच्या मैत्रिणी सुझाना आणि अँजेला उभ्या होत्या. पैज त्यांचीच. ‘इन्स्पेक्टर सायबापुढे खणखणीत बोललीस म्हणे! मग बापापुढे तो एक शब्द बोलून दाखव!’ परवा मिशनची शाळा तपासायला आलेल्या साहेबाने पाठ थोपटल्यापासून फेलिशियाला वाटायचं, विचारता येणार नाही असं जगात काही नाहीच. विचारलं तिने. पण चिंचेखाली आता कुणी हसत नव्हतं.

तिच्या बापाच्या, इनास तांडेलाच्या घरात ‘बुडणं’ हा शब्द चालत नसे. खाडीवरची माणसं तो तोंडातून काढत नाहीतच. पण दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ पायस मासेमारीला गेला, वसईकडे त्याच्या होडीची नुसती एक फळी सापडली, आणि तेव्हापासून या घरात दिवससुद्धा बुडायचा बंद झाला. तो मावळायचा. फेलिशिया एकदा ‘शाळा बुडाली’ म्हणाली, तर आयने दंडाला चिमटा काढला होता. पायसचं कुणी विचारलं की इनासचं उत्तर ठरलेलं, “आला नाय अजून.”

मग इनासने जाळी विकली आणि मचव्यावर लाकडी खोली बांधली. आत गाद्या, बिलोरी आरसा, चहाची शेगडी. मुंबईचे साहेब आणि शेठ आगगाडीने ठाण्याला उतरायचे, मचव्यातच मुक्काम करत घोडबंदरपर्यंत हवा खाऊन यायचे. घरची चूल त्यांच्या हौसेवर पेटायची. पण पावसाळ्यात कळव्याच्या गोविंदाचा मचवा गेला. कालपर्यंत तांडेल म्हणवणारा गोविंदा आता दुसऱ्याच्या मिठागरात टोपल्या वाहत होता. त्याला पाहूनच इनासने मुंबईहून विमेवाल्या पारशाला बोलावलं होतं.

पारशी शेठने घाम पुसला. “पोरगी बराबर विचारते, इनास. पयला सवाल तोच. बोल, विम्यात काय काय घालू?”

“आग घाला.”

“घातली.”

“चोरी. आरसा, गाद्या, शेगडी, समदं.”

“घातलं.”

“दुसऱ्याची बोट येऊन आदळली, तर ते.”

“तेबी घातलं. आता मोठी गोष्ट. वादळ झालं, पाणी भरलं, मचवा तळाला...”

“बस!” इनास उठलाच. “तेवढं नको.”

“अरे बाबा, पाण्यावर चालणारी चीज हाय! शेगडीला घाबरते आणि दर्याला नाय?”

“दर्याला हाक मारायची नसते, शेठ. हाक मारली की तो येतो.”

“बा, गोविंदाकाकाचं काय झालं ते बघितलंस ना?” फेलिशिया मध्येच बोलली. “मचवा गेला तर आरशाचा विमा घेऊन काय करायचं?”

“घरात जा तू.” आवाज चढला नव्हता, म्हणूनच ती गेली.

इनासचा अंगठा कागदावर घेऊन शेठ टांग्यात बसला. सुझानाने घरी येऊन पैजेचे आवळे पुढे केले. फेलिशियाने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा सण, कबरींवर मेणबत्त्या लावायचा दिवस. आदल्या संध्याकाळीच आळीतल्या बाया फुलं निवडत बसल्या होत्या. आय मात्र माजघरात, पेटीपुढे. तिच्या मांडीवर दोन मेणबत्त्या होत्या, एक गेल्या सालची, एक त्याच्या आधीची. दोन्हींच्या वाती कोऱ्या. उन्हाळ्याच्या तापाने त्या वाकल्या होत्या.

“ह्या का नाय लावल्यास गं?” फेलिशियाने विचारलं.

“तुझा बा म्हणतो, लावली की पायस खरंच गेला. नाय लावली, तर वाट बघायला जागा राहते.”

“आणि तुला काय वाटतं?”

एक मेणबत्ती तळहातावर घेऊन आय ती अंगठ्याने हळूहळू सरळ करत राहिली. मेण मोडलं. मोडलेला तुकडाही तिने टाकला नाही.

तेव्हा कुठे फेलिशियाच्या ध्यानात आलं. बापाने सकाळी ‘नको’ म्हटलं, ते मचव्याला नव्हतंच. मचवा तळाला जाऊ शकतो म्हटलं, की पोराची होडीही तळाला गेली म्हणावं लागतं. आणि तेवढा एक अंगठा त्याच्याने उठत नव्हता.

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आत आय, बाहेर ओटीवर बा. तो पाठमोरा बसून खाडीकडे बघत होता. भरती लागली होती. सकाळी धक्क्यावर किती सहज आवाज फुटला होता. आता शब्द एकेक निवडावे लागले. दोघांना ऐकू जाईल असं ती बोलली.

“बा, आय, मी ठरवलंय. उद्या शाळेत जाणार नाय. सकाळी पाद्रीबाबांकडे जाऊन पायसदादाची मिस्सा सांगणार. मेलेल्यांसाठी देवळात म्हणतात ती. तुम्ही या. नाय आलात, तर मयताच्या घरचे बसतात त्या पुढच्या बाकावर मी एकटी बसेन.”