धाकटा शेरळ

केसरीनाथ सरांना झाडांचा कंटाळा होता आणि विद्यार्थ्यांचा त्याहून जास्त. तरी ते भिवंडीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. शिकवत म्हणजे बारा वर्षांपूर्वी उतरवलेल्या नोट्स वाचून दाखवत. घरचं बक्कळ होतं. नोकरी हवी होती ती नावाआधी 'प्रोफेसर' लावायला, लग्नपत्रिकेत आणि गावच्या बॅनरवर.

आज शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. लांब टेबलावर दहा ट्रे, प्रत्येकात एक झाड. मुलांनी ओळीने जायचं, झाडाचं नाव आणि ते कशावरून ओळखलं ते लिहायचं. झाडं आणायचं काम प्रयोगशाळेतल्या वाल्मीकमामांचं. त्यांना सत्तावन्नावं चालू होतं आणि सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे. चाळिशीचे सर मात्र 'ए वाल्मीक' म्हणत. काड्याकुटक्या गोळा करणाऱ्याला आणखी काय म्हणायचं, असं त्यांना वाटे.

दुपारी सर पेपर तपासायला बसले. शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक मेघाली मॅडम होत्या. कॉटनची साडी, पायात साध्या चपला. सरांनी सकाळीच त्यांच्याकडे एकदा पाहून त्यांना निकालात काढलं होतं.

सरांच्या उत्तरांच्या तक्त्याप्रमाणे सातव्या ट्रेमध्ये शेरळ होता. ओढ्यानाल्यात कमरेएवढा वाढतो, तांबूस कांडं, भाल्यासारखी पानं. सरांच्या नोट्समध्ये त्याची आकृती होती, म्हणून बावीस मुलांनी डोळे झाकून 'शेरळ' लिहिलं होतं. तेविसाव्या पेपरवर 'धाकटा शेरळ' होतं. खाली कारण: पेरावरच्या पापुद्र्याच्या काठाला लांब केस आहेत, शेरळाचा काठ साफ असतो.

पेपर धम्मदिनाचा होता. ती संध्याकाळी गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जायची, म्हणून तिची वही उशिरा आली होती. सरांनी वहीचे गुण आधीच छाटले होते. आता सातव्या प्रश्नाचे दोन गुण मिळाले तर ती पास होणार होती, नाहीतर वर्ष बुडणार होतं. सरांनी लाल पेनने आडवी रेघ ओढली.

"खोके चिकटवतात आणि आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवतात," ते मॅडमना म्हणाले.

सिंकजवळ ट्रे धुणारे वाल्मीकमामा वळले. "सर, तिचं बरोबर हाय."

"तुला कोणी विचारलं? ट्रे धू."

"धुतो. पण केस हायत त्याला."

मेघाली मॅडमनी ते झाड मागून घेतलं, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "आहेत हो."

सरांना हसू आलं. ठाण्याहून येणाऱ्यांना भिवंडी काय कळणार. "मॅडम, इथे चोवीस तास लूम चालतात. हवेत कापूस उडतो. झाडावर, जेवणावर, सगळीकडे बसतो. तो कापूस आहे."

मॅडमनी बोट नळाखाली ओलं केलं आणि पेरावरून फिरवलं. बोटाला खरंच थोडा कापूस आला. तो त्यांनी रुमालाला पुसला आणि भिंग सरांपुढे धरलं. पापुद्र्याच्या काठावर केस जसेच्या तसे उभे होते, एकेक मोजून घ्यावा इतके स्पष्ट.

सरांनी ते पाहिलं, पण पाहिलं असं कबूल करायला त्यांची जीभ वळेना. "उकिरड्यावरचं तण ते. थोरलं काय, धाकटं काय."

"मग परीक्षेत कशाला ठेवलंत?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी लाल रेघेवर सही केली, धम्मदिनाला दोन गुण दिले आणि बाकी बावीस जणांचे दोन-दोन काढले. मग उत्तरांचा तक्ता सरांकडे सरकवला. "हे तुमच्या हाताने दुरुस्त करा."

सरांनी दुरुस्त केलं. 'धाकटा' हा एवढासा शब्द लिहिताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी विद्यार्थी केलं होतं, तेही एका हमालासमोर.

मॅडम चहाला गेल्या तसे ते ताडकन उठून सिंकपाशी आले. "इतकी वर्षं सातव्या नंबरवर शेरळ असतो. आजच बरा बदलला? मुद्दाम केलंस तू."

वाल्मीकमामांनी नळ बंद केला. हात पँटला पुसले.

"शेरळ दापोड्याला तुमच्या तळ्यात होता, सर. दिवाळीनंतर तुमच्या भावाने तळं बुजवलं, गोदामाला. आता आजूबाजूला धाकटाच उरलाय. बाकी सगळीकडे तोच होता पहिल्यापासून, या कॉलेजच्या गटारात पण."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम आज न्हाय केलं. मुद्दाम बारा वर्षं करत होतो. दोन बस बदलून दापोड्याला जायचो." त्यांनी धुतलेला ट्रे उपडा ठेवला. "तुम्हाला येतं ते एकच झाड आणायला."