कालवफोड्याचे साक्षीदार

पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर संपदा तांबे एकटीच नाचत होती. वय बावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, बँकेत नुकतीच बढती मिळालेली, डोक्यावर टोपी आणि गळ्यात दुर्बीण. सुरूच्या झाडाखाली मासळी निवडत बसलेल्या बायजाने हातातला बोंबील टोपलीत टाकला आणि विचारलं, "काय गं बाय, काय चावला काय?"

"चावलं नाही मावशी, दिसलं!" असं ओरडून संपदाने आणखी दोन गिरक्या घेतल्या.

तिला कालवफोड्या दिसला होता. लहानशा कोंबडीएवढा पक्षी, अंगावर काळं-पांढरं, आणि चोच म्हणाल तर थेट गाजर. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांत तो ती चोच खुपसून कालवं फोडत होता, आणि संपदा तिकडे श्वास रोखून बघत होती. वसई तालुक्याच्या पक्ष्यांच्या यादीत हा पक्षी नव्हता. आजवर कोणालाच दिसला नव्हता. म्हणजे यादीत त्याच्यापुढे 'प्रथम दर्शन' म्हणून जे नाव लागणार, ते तिचं!

पण नाव लागणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. ही यादी करायचा 'वसई पक्षी कट्टा', आणि कट्ट्याचा नियम सोन्यासारखा चोख: दोन जोड डोळे. एकाने पाहिलेला नवा पक्षी त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत कट्ट्यातल्या दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे, तरच तो यादीत. फोटो चालत नाही. मागे एका महाभागाने गोव्याच्या सहलीतला फोटो सोपाऱ्याचा म्हणून खपवला होता, तेव्हापासून फोटोवरचा विश्वास उडाला तो उडालाच. शिवाय वर्षाची यादी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बंद व्हायची. आणि संपदाचा सामानाचा टेम्पो सोमवारी निघायचा होता, नागपूरला. बढती मिळाली ती बदलीला सोबत घेऊनच.

नागपूरला पक्षी नाहीत असं थोडंच आहे? पण गोष्ट पक्ष्यांची नव्हती. वीस वर्षं ती वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहिली. त्यातली सतरा घर, स्टेशन आणि बँक यांत गेली, आणि वसई तिला कळली ती पक्ष्यांच्या मागे हिंडायला लागल्यावर. कुठल्या तळ्यावर बदकं उतरतात, नंदाखालच्या कुठल्या वाडीत हळद्या गातो, हे कळलं आणि मग वाटेत माणसं भेटत गेली. आता कुठे गाव आपलंसं वाटायला लागलं होतं, तर निघायची वेळ आली. जाताना इथे आपली एक खूण राहावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी गेला महिनाभर तिला धड झोप नव्हती.

तिने कट्ट्याच्या ग्रुपवर टाकलं: "कालवफोड्या! अर्नाळा! देवाशप्पथ!"

पहिलं उत्तर आचोळ्याच्या कौस्तुभचं. कौस्तुभ म्हणजे कॉम्प्युटरवाला पोरगा, पण पंखाच्या एका पिसावरून पक्षी ओळखणारा. त्याने लिहिलं, "ताई, पिशवी कोणत्या दुकानाची आहे?"

आणि मग सगळ्यांच्या हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

यामागे इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवर घुबड बसलंय म्हणून संपदाने अख्ख्या कट्ट्याला साखरझोपेतून उठवून आणलं होतं, आणि उजाडल्यावर घुबडाची काळी प्लास्टिकची पिशवी निघाली. तेव्हापासून तालुक्यात कुठेही पिशवी उडाली की ती संपदाताईंच्या खात्यात जमा व्हायची. ताईही हसायच्या. आज मात्र त्यांना हसू येईना.

तिने प्लासिड सरांना फोन लावला. प्लासिड तुस्कानो नंदाखालचे, शाळेतून निवृत्त झालेले, आणि यादीचे राखणदार. सरांनी ईस्टरआधीच्या उपासकाळात यंदा चहा सोडला होता, त्यामुळे मुळातच कडक असलेले सर आता इस्त्री केल्यासारखे झाले होते. घरी बायको, लिलीबाई, म्हणायच्या, चहा प्या, त्यापेक्षा पक्षी सोडा.

"संपदाबाई," सर म्हणाले, "चोच कशी?"

"गाजर!"

"पाय?"

"गुलाबी!"

"हलत होता?"

"सर! पिशवी कालवं फोडते का?"

पलीकडे स्कूटरची किल्ली खुळखुळली. मग सर म्हणाले, "येतो. तुम्ही नजर हलवू नका."

पण नजर हलली नाही तरी समुद्र हलतोच. अमावास्येची भरती, पाणी बघता बघता खडकांवर चढलं, आणि कालवफोड्या पंख पसरून किल्ल्याच्या दिशेने निघून गेला. सर स्कूटरवरून पोचले तेव्हा तिथे फक्त लाटा होत्या. सरांनी लाटांकडे पाहिलं, संपदाकडे पाहिलं आणि स्कूटर वळवली. ते रागावले असते तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

मग तिने ग्रुपवर आवाज पाठवला. लिहायला बोटं चालत नव्हती. "हे बघा, घुबडाचं मी कबूल केलंय. शंभर वेळा केलंय. पण परवा माझा टेम्पो आहे, आणि आज सकाळी मी तो खरंच बघितलाय. संध्याकाळी ओहोटी लागेल तेव्हा तो परत येईल असं मला वाटतं. मी इथेच थांबत्येय. कोणी आलात तर आलात, नाही तर राहू दे." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला, आणि तो तसाच गेला.

या आवाजाने काय केलं कोण जाणे, पण उन्हं कलायच्या सुमाराला किनाऱ्यावर जत्राच भरली. कौस्तुभ आचोळ्याहून मोठी दुर्बीण तिपाईसकट खांद्यावर घेऊन आला. विरारची नेहल ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'नेटवर्क गेलं' म्हणून आली, आणि मागोमाग सरांसकट कट्ट्याचे बाकीचेही आले. कोणी चिवडा आणला, कोणी श्रीखंडासाठी टांगलेला चक्का तसाच सोडून आलं. पिशवीचं नाव कोणी काढेना. जो तो म्हणत होता, "दिसणार ताई, आज दिसणार म्हणजे दिसणार!" एवढी माणसं दुर्बिणी लावून पाण्याकडे टक लावून उभी राहिलेली बघून सगळी आळी धावत आली, आणि बायजा छातीवर हात ठेवून विचारायला लागली, "कोन बुडाला? कोनाचा पोर?"

"कोणी नाही मावशी, पक्षी बघतोय!"

"पक्षी बुडाला?"

तेवढ्यात नेहल किंचाळली, "तो बघा! पाण्यात, उजवीकडे! काळा-पांढरा!"

सगळ्या दुर्बिणी उजवीकडे वळल्या. उन्हाच्या झळांत पाणी चकाकत होतं आणि त्यावर दूर काहीतरी काळं-पांढरं होतं, पुढे नारिंगी टोक काढलेलं. "चोच दिसली!" "मला पण दिसली!" "वळला, वळला, आता आपल्याकडे बघतोय!" एकाला तर डोळासुद्धा दिसला. कौस्तुभने मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, जरा रेंगाळला आणि म्हणाला, "हो... वाटतोय. कालवफोड्याच वाटतोय." प्लासिड सरांनी बघितलं, घसा खाकरला आणि खिशातून पेन काढलं. एकच कल्ला झाला. कोणीतरी संपदाच्या डोक्यावर चिवडा उधळला.

"ताई, तुम्ही तर बघा!"

संपदाने डोळा लावला. काळं खरं, पांढरं खरं, नारिंगीही खरं. पण सकाळचा तिचा पक्षी चालत होता, खुपसत होता, मान हलवत होता. हा नुसता लाटेबरोबर वर जात होता आणि खाली येत होता. नारिंगी चोच वाऱ्यावर फडफडली. तो मच्छीमारांचा बोया होता. काळा कॅन, त्याला पांढरी दोरी गुंडाळलेली, आणि वर काठीला नारिंगी चिंधी.

 मागे सगळे नाचत होते. सरांचं पेन उघडं होतं. साक्षीदार नियमाला दोन लागतात, इथे अख्खा कट्टा हजर होता. आणि सकाळचा पक्षी तर खरा होताच की! तिने फक्त 'हो' म्हणायचं, आणि नाव कायमचं लागणार. तिने 'हो' म्हणायला तोंड उघडलंही.

"बोया आहे," ती म्हणाली.

कोणाला ऐकूच गेलं नाही. मग ती दुर्बीण सोडून, समुद्राकडे पाठ करून सगळ्यांच्या समोर उभी राहिली आणि ओरडली, "अरे, बोया आहे तो! बोया! चिंधी लावलेला!"

नाच थांबला. कौस्तुभने मान खाली घातली. "ताई, मला जरा शंका आली होती," तो पुटपुटला. "पण म्हटलं, तुम्ही चाललात. तुम्हाला मिळू दे."

"मिळू दे?" संपदाला राग आला आणि त्याच क्षणी त्या पोराला जवळ घ्यावंसंही वाटलं. "अरे गाढवा, माझ्या नावापुढे बोया लावतोस? पिशवी झाली, आता बोया? आणि सर, तुम्ही? चहा सोडलात तशी नजरपण सोडलीत का? मी तो पक्षी बघितलाय रे! या इथे, या खडकांत! त्याच्यासाठी मला खोटं नकोय. नाही लागलं नाव तर नाही लागलं. तुम्ही सगळे कामधंदा टाकून माझ्यासाठी धावत आलात, मला तेवढंच—"

आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे कोणीही बघत नाहीये. सगळे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. नेहलचा हात तोंडावर होता.

"सर, मी बोलत्येय," संपदा रडवेली होऊन म्हणाली.

"बाई, गप्प बसा," प्लासिड सर कुजबुजले.

क्लीप! क्लीप! क्लीप! अगदी तिच्या पाठीमागून आवाज आला. संपदा गर्रकन वळली, ओल्या वाळूत पाय रुतला आणि ती बदकन पाण्यात बसली. चष्म्यावर लाट आली. ओढणीने काच पुसेपर्यंत तिच्या वाट्याला आला तो फक्त किल्ल्याकडे दूर जाणारा एक ठिपका. पण कट्ट्याने मात्र सगळं बघितलं होतं. तो आला, तिच्या मागे खडकावर उतरला, गाजर खुपसून एक कालव फोडलं आणि ती पाण्यात बदकन बसली तसा उडाला.

"कुठंय? कुठंय?" संपदा पाण्यातूनच विचारत होती. तिला सांगायला कोणी शुद्धीवर नव्हतं. कौस्तुभ तिपाईला मिठी मारून उड्या मारत होता. बायजा काही न कळता नेहलच्या गळ्यात पडून हसत होती. आणि जन्मात कधी न हललेले प्लासिड सर बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरून टाळ्या वाजवत होते.

"तुम्हाला दिसायची गरजच काय?" त्यांनी संपदाला हात देऊन उठवलं. "तुमचे डोळे सकाळचे, आमचे आत्ताचे. नियम पुरा झाला!"

त्यांनी तिथेच, पाण्यात उभं राहून, कौस्तुभच्या पाठीवर कागद ठेवून लिहायला घेतलं. कालवफोड्या. अर्नाळा. प्रथम दर्शन, संपदा तांबे. मग त्यांनी वर पाहिलं. "नावापुढे गाव लिहायचं असतं. काय लिहू?"

 गाव कोणतं असं कोणी विचारलं की संपदा जन्मभर लांजा सांगत आली होती. परवापासून पत्ता नागपूरचा होता. ओली सलवार पायांना चिकटली होती, टोपीवर चिवडा होता, आणि चष्म्यातून तिला समोरची ही सगळी येडी माणसं धुरकट दिसत होती.

"वसई लिहा, सर," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.